मैदान आणि चित्रकलेचा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका डॅनिश टेनिसपटूविषयी लिहिण्याचे कारण एवढेच, की टॉर्बेन उलरिक यांच्या चित्रांमुळे आपल्या शाळेतील दोन शिक्षकांचे मोठेपण मला खऱ्या अर्थाने उमगले.

उलरिक (१९२८–२०२३) यांनी १९४८ ते १९७७ या काळात डेन्मार्ककडून डेव्हिस चषकाचे शंभराहून अधिक सामने खेळले. त्यांचे वडील आयनर हेही डेव्हिस चषकाचे खेळाडू. मुलगा लार्स ‘मेटॅलिका’ या बँडचा ड्रमर. स्वतः टॉर्बेन जॅझमध्ये रमणारे होते आणि क्लॅरिनेट वाजवत. चित्रकलेकडे वळल्यावरही त्यांनी रॅकेट सोडली नाही. रंगात बुडवलेला चेंडू ते कागदावर मारत आणि उमटलेल्या ठशांतून चित्र साकारत असत.

हे वाचले तेव्हा मला आपल्या मैदानाकडेची भिंत आठवली. व्यायामाचे सर आम्हाला जुन्या लाकडी रॅकेटने तिच्यावर चेंडू मारायला लावत आणि पावसाळ्यात त्या पांढऱ्या भिंतीवर चिखलाचे ठसे उमटत. इतरांना ती घाण वाटे. परंतु चित्रकलेचे सर वर्गच बाहेर आणून आम्हाला तेच ठसे चितारायला सांगत. सरळ बसलेला फटका गोल, भरीव डाग सोडतो, कापून मारलेला चेंडू मात्र एका अंगाला फरफटलेली, विरळ होत गेलेली कड ठेवून जातो, हे मी तिथे शिकलो. एकदा व्यायामाच्या सरांनी माझे चित्र हातात घेऊन, रॅकेट कुठे कलते आहे, हे त्यावरून मला दाखवून दिले.

ज्या इंदूरमध्ये कलाशिक्षक देवळालीकरांच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन हे चित्रकार घडले, वाळक्या काटक्यांत आणि टाकाऊ वस्तूंत चित्र पाहणारे विष्णू चिंचाळकर गुरुजी वावरले, तिथे असे शिक्षक लाभावेत हे साहजिक असेल. तरीही आम्हाला ते लाभले, ही कृतज्ञता माझ्या मनात कायम आहे. आज टेनिस शिकवताना मीही मुलांना फटक्यांचे ठसे काढायला लावतो.

तेव्हा खेळाचा आणि चित्रकलेचा तास लागोपाठ असे. नव्या वेळापत्रकातही ते तसेच असावेत, अशी व्यवस्थापनाला माझी कळकळीची विनंती आहे, कारण ऊन पडले की ते ठसे तासाभरात वाळून झडतात.