गुलमर्गला तीन स्की, दोन बर्फ: ठाण्याहून जाणाऱ्यांसाठी

ठाण्यात बर्फाची ओळख दोन ठिकाणी होते. रसवंतीत गोणपाटात गुंडाळलेली लादी, आणि मासुंद्याच्या काठी गोळेवाला तीच लादी रंध्यावर घासून काढतो तो चुरा. गुलमर्गला तिसऱ्यांदा जाऊन आल्यावर सांगते, स्की निवडताना एवढंच आधी विचारायचं असतं: उद्या लादी आहे की चुरा? यंदा पाच दिवसांत आम्हाला दोन्ही मिळाले. मी आणि ऐरोलीचा माझा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून तीन प्रकारच्या जोड्या दोन्हींवर चालवून पाहिल्या.

जानेवारीअखेर, चिल्ला-ए-कलानचे, म्हणजे काश्मीरातल्या सगळ्यात कडक थंडीच्या काळाचे, शेवटचे दिवस. आम्ही पोचण्याआधी आठवडाभर नवा बर्फ पडला नव्हता. अशा वेळी दुपारच्या उन्हात वरचा थर जरासा पाघळतो आणि रात्री गोठून दगड होतो. गोंडोलाच्या, म्हणजे वर नेणाऱ्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, सकाळी दहा वाजता उतार नुसता चमकत होता. त्यावरून स्की जाताना जो आवाज येतो तो कढईच्या तळाची खरपूड उलथन्याने खरवडल्यासारखा असतो. हा आवाज आला की समजायचं, आता सगळा भार स्कीच्या कडेवर आहे.

भाड्याच्या दुकानातून मी अरुंद जोडी घेतली होती. मध्ये ७२ मिलिमीटर रुंद, उंची माझ्या हनुवटीपर्यंत. लादीसाठी हीच योग्य, हे मला ठाऊक होतं. तरी पहिल्याच वळणाला खालच्या स्कीची पकड सुटली आणि मी कुशीवर पडून वीसेक मीटर घसरत गेले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी थांबून स्की उलटी केली. पोलादी कडेवर तांबूस गंज, आणि धार इतकी गोल झालेली की बोट फिरवलं तरी काही लागेना. माझी चूक एवढीच, की दुकानात कड तपासली नव्हती. तपासायची रीत सोपी आहे: नखाचा वरचा भाग कडेवर आडवा ओढायचा. नखाचा पांढरा कीस निघाला तर कड धारदार. नुसतं गुळगुळीत सरकलं तर ती जोडी परत द्यायची, किंवा समोर बसून धार लावून घ्यायची. संध्याकाळी दुसऱ्या दुकानात एका वयस्कर कारागिराने कानशीने दोन्ही कडा करून दिल्या. दुसऱ्या दिवशी तीच स्की, तोच उतार, आणि वळण आखल्यासारखं आलं.

अरुंद स्की लादीवर का धरते, हे पायांना कळतं, पण डोळ्यांनी बघितलं की पक्कं बसतं. दोन स्की तळाला तळ लावून उभ्या धरा. मध्ये फट दिसली, म्हणजे स्कीला धनुष्यासारखा बाक आहे. याला कॅम्बर म्हणतात. आपण उभे राहिलो की बाक सपाट होतो आणि कडेची जवळजवळ सगळी लांबी बर्फात दाबली जाते. शिवाय स्की अरुंद असली की कड बुटाच्या बरोबर खाली येते. रुंद स्कीची कड पावलाच्या बाहेर लांब असते, त्यामुळे तिला तिरकं धरून ठेवायला घोट्याला आणि गुडघ्याला पिळावं लागतं. भावाने हट्टाने ११२ मिलिमीटरची रुंद जोडी घेतली होती. दुपारी चहाला बसलो तर म्हणाला, "ताई, गुडघा बोलायला लागला गं." धार लावूनही ती लादीवर थरथरत होती. टोकं वर उचललेली असल्यामुळे कडेचा मधलाच भाग टेकतो, बाकी हवेत.

तिसऱ्या दिवशी बर्फ पडत राहिला आणि आम्ही खोलीत. चौथ्या दिवशी सकाळी उतारावर गुडघ्याएवढा चुरा. आता पारडं उलटलं. माझी ७२ ची जोडी पहिल्या दहा मीटरमध्ये नाकावर बुडाली. टोक बुडतंय असं दिसलं की माणूस आपोआप मागे बसतो, मांड्या पेटतात आणि स्की वळायचं नाव घेत नाही. प्रशिक्षक मागून ओरडत होता, "दीदी, पीछे मत बैठिए, दोनों पैर साथ!" लादीवर सगळा भार बाहेरच्या पायावर द्यायची सवय लागलेली असते. चुऱ्यात तसं केलं की तो एकच पाय खोल जातो. दोन्ही पायांवर सारखा भार, पाय जवळ, आणि वळणं घाई न करता गोल. पडले तेव्हा एक स्की निघून बर्फाखाली गेली, ती काठीने टोचत शोधायला वीस मिनिटं लागली. म्हणून चुऱ्यात जाताना बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीला, लांब रंगीत फीत बांधून तिचं दुसरं टोक पँटच्या आत सोडा. स्की पुरली तरी फीत सापडते.

भाऊ मात्र ११२ वर पाण्यावरच्या होडीसारखा चालला होता. दुपारी मी त्याची जोडी मागून घेतली. बुटाखाली काहीच टणक लागत नाही, आवाज नाही, फक्त बर्फ नडगीवर येऊन फुटतो. त्या अर्ध्या तासासाठी मी पुन्हा गुलमर्गला जाईन.

तिसरी जोडी ९० मिलिमीटरची. पुढचं टोक थोडं उचललेलं, पायाखाली बाक. लादीवर ती ७२ इतकी घट्ट नाही, चुऱ्यात ११२ इतकी तरंगत नाही, पण पाच दिवसांची सुट्टी घेऊन ठाण्याहून जाणाऱ्याने एकच जोडी घ्यायची तर मी हीच सांगेन, धार लावलेली. नवख्यांनी रुंद स्कीच्या मोहात पडू नये. पहिल्या सहलीत तुम्ही सपाट केलेल्या उतारावरच असणार, आणि तिथे सकाळी लादीच भेटते. बर्फ पडला की रुंद जोडी त्या दिवसापुरती भाड्याने घ्या, पण सकाळी लवकर जा, चांगल्या जोड्या आधी संपतात.

नवा बर्फ पडल्यावर गोंडोलाचा अफरवट डोंगरावर जाणारा दुसरा टप्पा लगेच उघडत नाही. हिमस्खलनाचा धोका पाहून गस्तीपथक ठरवतं, आणि त्यांचा रोजचा इशारा वाचल्याशिवाय वर जाऊ नका. तयार उतार सोडून जायचं तर प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. वरचं स्टेशन जवळपास ३,९५० मीटरवर आहे आणि आपण समुद्रसपाटीवरून आलेलो असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तिथे जायचंच नाही. दोन रात्री २,६५० मीटरवर, गुलमर्गमध्येच काढा.

जाण्याचं म्हणाल तर श्रीनगरची विमानं बर्फात रद्द होतात. दोन्ही बाजूंना एकेक दिवस मोकळा ठेवा. टंगमर्गपासून वरचे १३ किलोमीटर साखळ्या लावलेल्या गाडीनेच जावं लागतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड न्या. गोंडोलाचं तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. बूट भाड्याने घेताना मोजा एकच आणि पातळ. दोन मोज्यांनी पाय आत हलतो आणि कितीही धारदार कड असली तरी तिच्यापर्यंत भार पोचत नाही. तयारीसाठी मी तीन महिने येऊरचा चढ आणि सोसायटीचे जिने केले. जिने उतरताना सावकाश उतरा, मांड्यांना तेच कामाला येतं.

शेवटच्या दिवशी परत निघालेल्या एका प्रवाशाकडून मी ९० ची जुनी जोडी विकत घेतली. विमान कंपनीला खेळाचं सामान म्हणून आधी कळवलं, विमानतळावरून पाचपाखाडीपर्यंत पिशवी टॅक्सीत तिरकी, टोक ड्रायव्हरच्या शेजारी. आपल्याकडची दमट हवा पोलादी कडेला फार वाईट. घरी आल्या आल्या कडा कोरड्या पुसल्या, तळाला आणि कडांवर मेणाचा जाड थर दिला आणि तो खरवडला नाही. तो पुढच्या जानेवारीपर्यंत तसाच राहू द्यायचा. पिशवीत बंद न ठेवता जोडी कपाटामागे उभी ठेवली आहे. जुलैत एकदा काढून बघायची आहे, गंजाचा ठिपका दिसला तर तिथेच घासून पुन्हा मेण.