वेज फोडणाऱ्या मामांना पुरस्कार कोण देणार?

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर, टॉवेल आणि शेंगाचटणी आठवते, पण इथं ओतलेले कॅमशाफ्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) जगभरातल्या गाड्यांच्या इंजिनात फिरतायत हे गावातल्याच कितीतरी जणांना ठाऊक नसतं. ते बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आपल्या सोलापूरचीच. मी एका दुसऱ्या, छोट्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळं ऑक्टोबरात नोबेल जाहीर व्हायला लागले की आधी बघते, यंदा मटेरियलवाल्यांपैकी, म्हणजे धातू आणि इतर पदार्थांचा अभ्यास करणाऱ्यांपैकी कुणी आहे का.

आमच्या विषयाचं वेगळं नोबेल नाही, फिजिक्स नाहीतर केमिस्ट्रीमधनंच मिळतं. १९२० साली शास्त्रज्ञ गियोम यांना मिळालं ते निकेल-स्टीलच्या अभ्यासासाठी, त्यातला इन्वार हा मिश्रधातू तापला तरी जवळपास वाढतच नाही. २०१४ ला निळा एलईडी, २०१९ ला लिथियम-आयन बॅटरी, आणि त्या बॅटरीवाले गुडइनफ आजोबा तेव्हा ९७ वर्षांचे होते!

पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते शास्त्रज्ञ डॅन शेख्टमन. ८ एप्रिल १९८२ ला अमेरिकेत काम करताना त्यांनी ॲल्युमिनियम-मँगनीजचा खूप झपाट्यानं थंड केलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला आणि दहा-दहा ठिपक्यांची वर्तुळं दिसली, अशी पाच-दहाच्या हिशोबातली रचना स्फटिकात असूच शकत नाही असं पुस्तकात लिहिलेलं होतं. पंचकोनी फरश्या जमिनीवर बसवून बघा, मध्ये फटी राहणारच, तसंच अणूंचं असतं असं सगळे धरून चालले होते. त्यांना त्यांच्या ग्रुपमधनं निघायला सांगितलं, पेपर छापून यायला १९८४ उजाडलं, लायनस पॉलिंगसारखा दोन नोबेल मिळवलेला माणूस शेवटपर्यंत विरोधात राहिला, तरी शेख्टमन हलले नाहीत. २०११ ला केमिस्ट्रीचं नोबेल एकट्यांना. म्हणजे २९ वर्षं.

हे वाचलं तेव्हा मला एकदम आमची भट्टीच आठवली, कारण थंड व्हायचा वेग बदलला की धातूच बदलतो हे आम्ही रोज बघतो. कॅमशाफ्टच्या लोबवर, म्हणजे फुगीर भागावर घासणं जास्त, म्हणून मोल्डमध्ये (साच्यात) तेवढ्याच जागी लोखंडी चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारे ठोकळे लावतात, तिथं वितळलेल्या लोखंडाचा रस पटकन गोठतो, कार्बनला ग्राफाइट व्हायला सवड मिळत नाही आणि सिमेंटाइट हे लोखंड-कार्बनचं कडक संयुग तयार होतं. बाकीच्या भागात ग्राफाइट होतं, ते मशीनिंगला सोपं. एकाच ओतकामात दोन वेगळे पदार्थ! नायटल हे सौम्य ॲसिड लावून मायक्रोस्कोपखाली धरलं की सिमेंटाइट पांढरं आणि पर्लाइट (लोखंडाचा त्यामानानं मऊ भाग) काळपट दिसतं, इतकी वर्षं बघतेय तरी मी दर वेळी दोन मिनिटं जास्तच बघते.

आणि हे सगळं लॅबमध्ये यायच्या आधी भट्टीवरचे मामा सांगून मोकळे झालेले असतात. ते रसातनं वेज, म्हणजे पाचरीच्या आकाराचा छोटा नमुना ओततात, गार करून हातोड्यानं फोडतात आणि टोकाकडचा पांढरा भाग किती आत गेलाय ते उजेडात धरून बघतात. पांढरं जास्त दिसलं की 'सिलिकॉन कमी पडतंय' म्हणून फेरोसिलिकॉन (लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू) टाकायला लावतात, सिलिकॉनमुळं ग्राफाइट व्हायला मदत होते. मे महिन्यात सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय, त्यात भट्टीशेजारी उभं राहून हे निदान करायचं आणि ते बरोबर निघतं, माझा स्पेक्ट्रोमीटरचा (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट नंतर तेच सांगतो. मामांचं शिक्षण म्हणाल तर आठवी.

आमच्या क्षेत्रात मोठे पुरस्कार आहेत आणि असायलाच पाहिजेत. अमेरिकेतल्या मटेरियल्स रिसर्च सोसायटीचा १९७६ पासूनचा फॉन हिपेल पुरस्कार आहे, पहिला खुद्द फॉन हिपेल यांनाच दिला होता, त्यात लेसरचा माणिक-स्फटिक बसवलेली ट्रॉफी मिळते, आणि २०१७ ला तो आपले शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव सरांना मिळाला. पोलाद मंत्रालयानं १९६२ पासून धातुशास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले. या माणसांची नावं आपल्या पोरांना क्रिकेटरांइतकी पाठ असावीत असं मला मनापासून वाटतं, आयटीआयच्या आणि डिप्लोमाच्या वर्गात त्यांचे फोटो लावा की!

पण पेपर, पेटंट, संशोधन हे मोजायला सोपं असतं आणि मामांचं ज्ञान कागदावर कुठंच नसतं, त्यामुळं ते कुठल्याच अर्जात बसत नाही. केंद्राच्या कामगार मंत्रालयाचा विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार आहे, कामगारानं सुचवलेल्या सुधारणेसाठी, उत्पादन वाढलं, सुरक्षितता वाढली, माल वाचला अशा गोष्टींसाठी. मामांनी आमच्याकडं चिलची जागा बोटभर सरकवायला सांगितली होती, रिजेक्शन (बाद होणारा माल) खाली आलं, आणि त्याची नोंद झाली ती इंजिनिअरच्या नावावर. हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

म्हणून एमआयडीसीतल्या सगळ्या फाउंड्रीवाल्यांना आणि शॉप इनचार्जना माझं हात जोडून सांगणं आहे, सूचना कुणी केली त्याचं नाव त्याच दिवशी रजिस्टरला लिहा, तारखेसकट, आणि त्याची सही घ्या. अर्ज भरायला, टाइप करून द्यायला मी बसते, रविवारी मी मोकळीच असते.