ब्रेस्लाउच्या डॉक्टरांचं खोकं

मी न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या आर्काइव्हमध्ये काम करते. नाझी काळात जर्मनीतून निसटलेल्या घराण्यांचे कागद आमच्याकडे येतात. पत्रं, दाखले, पासपोर्ट, कधी नुसत्या घरखर्चाच्या वह्या. ते वाचायचे, लावायचे आणि नोंद करायची, हे माझं काम. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, पण जुनं कुरेन्ट हस्ताक्षर इथे आल्यावर शिकले. देवनागरीवाल्याची मोडीपुढे जी गत होते, तीच छापील जर्मन वाचणाऱ्याची कुरेन्टपुढे.

त्या दिवशी एक बहीण-भाऊ आजोबांचं खोकं घेऊन आले. दोघंही सत्तरी ओलांडलेले, जन्म अमेरिकेतलाच. आजोबा ब्रेस्लाउमधले डॉक्टर. आज ते शहर पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्स्वाफ. खोक्यात बाप्तिस्म्याचे दाखले, पहिल्या महायुद्धातल्या आयर्न क्रॉस या लष्करी पदकाचं प्रमाणपत्र, आघाडीवरून बायकोला लिहिलेली पत्रं आणि दवाखान्याच्या दोन जाडजूड नोंदवह्या.

देणगीपत्राबरोबर मी नोंदीचा कच्चा मसुदा पुढे ठेवला. पहिल्याच ओळीत होतं, ‘ज्यू कुटुंब, ब्रेस्लाउ’. भावाने चष्मा काढून ठेवला.

“आम्ही ज्यू कधी होतो? आजोबा जन्मापासून ल्युथरन. दर रविवारी चर्चला जायचे. त्यांना ज्यू ठरवलं हिटलरने. त्याचीच व्याख्या तुम्ही आमच्या खोक्यावर चिकटवणार?”

बहीण शांतपणे म्हणाली, “आणि आजोबांच्या बहिणीला थेरेसिएनश्टाटच्या छळछावणीत नेलं तेव्हा तिचा बाप्तिस्म्याचा दाखला कोणी वाचला?”

दोघांचंही खरं होतं, हीच अडचण. नोव्हेंबर 1935च्या नियमांनुसार ज्याच्या चार आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू, तो ज्यू. त्याचा स्वतःचा धर्म कुठला, हे कोणी विचारत नव्हतं.

मला ऐकता ऐकता फ्रिट्झ स्टर्न आठवत होता. जर्मन आणि ज्यू यांच्या नात्याचा हा इतिहासकार 1926 मध्ये त्याच ब्रेस्लाउमध्ये जन्मला, डॉक्टरच्याच घरात, आणि त्याचाही बाप्तिस्मा झालेला. ‘फ्रिट्झ’ हे नावसुद्धा धर्मपित्यावरून, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरवरून. हाबरही ब्रेस्लाउचाच, तरुणपणी ख्रिस्ती झालेला. 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन वायूचा हल्ला त्याच्या देखरेखीखाली झाला, आणि 1933 मध्ये त्याच देशात त्याला आपल्या संस्थेचा राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच वर्षी तो बाझेलमध्ये वारला. देशासाठी याहून अधिक काय करायचं बाकी होतं, असं त्याच्याबद्दल वाचताना मनात येतं, आणि ते ‘अधिक’ काय होतं हे आठवून अंगावर काटाही येतो.

स्टर्न कुटुंब 1938 मध्ये न्यूयॉर्कला आलं. फ्रिट्झ तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढे वैद्यक की इतिहास, या पेचात त्याने थेट आइन्स्टाइनला विचारलं. आइन्स्टाइनने वैद्यक सुचवलं, कारण ते शास्त्र आहे, इतिहास नाही. पोराने ऐकलं नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकला आणि तिथेच आयुष्यभर शिकवलं. 1961 मधल्या पहिल्या मोठ्या ग्रंथात लागार्ड, लांगबेन आणि म्योलर फान डेन ब्रुक या तीन वैतागलेल्या लेखकांमधून त्याने जर्मन मनातली आधुनिकतेबद्दलची चीड दाखवली.

पण माझ्या लेखी त्याचं खरं पुस्तक ‘गोल्ड अँड आयर्न’, 1977 सालचं. जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क आणि त्याचा ज्यू बँकर गेर्सन फोन ब्लाइश्र्योडर यांचं. या पेढीची हजारो पत्रं न्यूयॉर्कमध्ये वारसदारांकडे पडून होती. इतिहासकार डेव्हिड लँडिस आणि स्टर्न यांनी काम सुरू केलं, शेवटी पुस्तक स्टर्नने एकट्याने लिहिलं. बिस्मार्कची खासगी संपत्ती ब्लाइश्र्योडर सांभाळायचा, युद्धांसाठी पैसा उभा करण्यातही त्याचा हात. 1872 मध्ये धर्म न बदलता त्याला सरदारकी मिळाली. बर्लिनचे बडे लोक त्याच्याकडे जेवायला यायचे आणि पाठ फिरली की कुजबुजायचे. 1880च्या सुमारास दरबारी पाद्री श्ट्योकर ज्यूंविरुद्ध सभा गाजवू लागला, तेव्हा या बँकरने सम्राटाला विनवणीचं पत्र लिहिलं. बिस्मार्कने आपल्या आठवणींत मात्र त्याची दखल जवळजवळ घेतलेलीच नाही. ते सगळे वर्षानुवर्षांचे हिशेब, आणि आठवणींत जागा नाही!

बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू विद्वान गेरशोम शोलेम याने साठच्या दशकात ठणकावून सांगितलं होतं की जर्मन आणि ज्यू यांच्यात संवाद असा कधी झालाच नाही. स्टर्नला ते इतकं सोपं वाटत नसावं. त्याच्या पानांवर यश आणि अपमान एकाच दिवाणखान्यात बसलेले असतात, आणि शेवट आधीपासून ठरलेला होता असं तो भासवत नाही.

यातलं थोडंफार मी त्या दोघांना सांगितलं. बहिणीने स्टर्न वाचला होता. भावाने नावही ऐकलं नव्हतं. “मग तो स्वतःला काय म्हणायचा?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “एका शब्दात उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने पाचशे पानांच्या आठवणी लिहिल्या.” तो पहिल्यांदाच हसला.

मग आम्ही ‘ज्यू कुटुंब’ हे विशेषण-प्रकरणच काढून टाकलं आणि घडलं तसं लिहिलं. बाप्तिस्मा कुठल्या साली, लग्न कुठल्या चर्चमध्ये, पदक कशासाठी, 1935 नंतर कायद्याने काय ठरवलं, आजोबांच्या बहिणीला कुठे नेलं. शोधासाठीच्या शीर्षकांत ‘ज्यू’ही ठेवलं आणि ‘ल्युथरन’ही. भावाने कुरकुरत का होईना, सही केली.

दुपारी एकटीने नोंदवह्या उघडल्या. स्टर्नशी माझं एक भांडण आहे. त्याच्या लिखाणात बँकर, शास्त्रज्ञ, नोबेलवाले फार. हाबर, आइन्स्टाइन, एअर्लिख, राथेनाउ. गल्लीतला शिंपी, जुने कपडे विकणारा क्वचितच. या वह्यांत तेच होते. शिवणकाम करणाऱ्या बाया, रेल्वेचा हमाल, उधारीवर औषध घेणारा नानबाई, ज्यूही आणि ज्यू नसलेलेही, एकाखाली एक. 1933 नंतर काही नावं गायब होतात. काही मात्र येतच राहतात, फक्त वेळ बदलते, संध्याकाळी उशिराची. शेवटची नोंद सप्टेंबर 1938ची आहे, कारण 30 तारखेला ज्यू डॉक्टरांचे परवाने संपले. रुग्णांची नावं असल्यामुळे वह्या कोणाला आणि कधी दाखवायच्या, हा प्रश्न अजून वरिष्ठांकडे आहे. मी लेखी शिफारस केली आहे की खोक्यात सगळ्यात आधी स्कॅन व्हायला हव्यात त्या या वह्या, आयर्न क्रॉस नंतर.