फुलांच्या गर्दीत चेहरा

माझी चित्रं पाहून एक प्रश्न हमखास येतो : चेहऱ्याभोवती एवढी फुलं आणि नक्षीचं कापड घेतलं, तर चेहरा त्यात हरवत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

तिन्ही गोष्टी सारख्याच निगुतीनं रंगवल्या, तर हरवतोच. म्हणून रंग कालवण्याआधी मी समोर बसलेल्या बाईकडे डोळे किलकिले करून बघते. बारीक नक्षी दिसेनाशी होते, उजेड-सावलीचे मोठे आकार उरतात. सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ छटा मी डोळ्यांपाशी शेजारी-शेजारी ठेवते. कापडात एवढा विरोध येऊ देत नाही.

खण रंगवायला मला फार आवडतो. बुट्ट्यांच्या ओळी दंडावर वळतात, काखेशी चुण्यांमध्ये तुटतात. त्या ओळींतूनच दंडाची गोलाई कळते. मी आधी चोळीचा उजेड आणि सावली साध्या रंगात लावते, ते वाळलं की बुट्टे काढते. सावलीतला बुट्टा सावलीइतकाच मंद हवा. जरीसाठी सोनेरी रंगाची बाटली घेऊ नका. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि उजेडाच्या जागी फिकट पिवळ्याचा एखादा ठिपका, एवढ्यात जर चमकते.

ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्टनं १९०७ साली पूर्ण केलेलं आडेल ब्लॉख-बाउअर या बाईचं चित्र या बाबतीत मला गुरुस्थानी आहे. झगा सोन्याच्या वर्खात जवळजवळ सपाट. गोलाई फक्त चेहऱ्याला, खांद्यांना आणि हातांना. सगळे सोनं बघतात. तुम्ही ते अवघडून एकमेकांत गुंतलेले हात बघा, तिचं मन तिथे आहे.

फुलांचं म्हणाल, तर अबोलीच्या गजऱ्यातली दोन-चार फुलं पाकळ्यांसकट काढते, बाकीचे नुसते फटकारे. तोच केशरी गालाच्या सावलीत किंचित मिसळला की गजरा त्याच बाईचा वाटतो.

सुरुवात घरच्याच कुणापासून करा. आईला किंवा मावशीला बसवा आणि साडी तिलाच निवडू द्या. आवडीची साडी नेसलेली बाई वेगळी बसते, मान वेगळी धरते, आणि भाव तिथूनच येतो. फोटोवरून मात्र काढू नका. कापडाच्या सावलीतले रंग फोटोत बहुतेक वेळा काळे पडतात.