जुने फोल्डर आणि नव्याने टाकलेले ड्रॉपबॉक्स

आज लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकल्यावर सर्वांत जास्त काळजी होती ती डी ड्राइव्हवरच्या ड्रॉपबॉक्स (फायली इंटरनेटवर साठवून आपल्या सगळ्या संगणकांवर सारख्या ठेवणारी सेवा) फोल्डरची, कारण त्यात वडिलांच्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रतींसह घरातील सगळी कागदपत्रे आहेत आणि ती पुन्हा डाउनलोड करायची म्हटली, तर आमच्याकडच्या इंटरनेटवर रात्र पुरली नसती. सुदैवाने तशी वेळ येत नाही. ड्रॉपबॉक्स बसवताना फोल्डरची जागा ठरवायची असते, तेव्हा जुने फोल्डर न निवडता ते ज्यात आहे ती जागा, म्हणजे माझ्या बाबतीत थेट डी ड्राइव्ह, निवडावी लागते. एरवी ड्रॉपबॉक्सच्या पोटात आणखी एक ड्रॉपबॉक्स तयार होतो आणि सगळे नव्याने उतरू लागते. जागा बरोबर असली की फायलींच्या ४ एमबीच्या तुकड्यांचे हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेले ओळख-आकडे, सर्व्हरवरच्या नोंदींशी ताडले जातात आणि जुळलेली फाइल ना वर चढते, ना खाली उतरते. पत्रांच्या आयकॉनवर एकामागून एक हिरव्या खुणा उमटू लागल्या, तेव्हा खरोखर हायसे वाटले.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. मधल्या काळात दुसऱ्या संगणकावरून काही डिलीट केले असेल, तर नव्याने बसवलेल्या ड्रॉपबॉक्सला त्याची कल्पना नसते आणि ती फाइल जुन्या फोल्डरमधून पुन्हा वर जाऊ शकते. म्हणून जोडणीपूर्वी संपूर्ण फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर जरूर काढून ठेवावी.