आण्णा शांत झाले तेव्हा

आण्णांची केस अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय. मी स्टाफ नर्स. आधी एका सरकारी मनोरुग्णालयात कॉन्ट्रॅक्टवर होते, आता पुण्याबाहेर एका खासगी पुनर्वसन केंद्रात आहे. आमच्याकडे लोक वर्षानुवर्षं राहतात, बहुतेकांना स्किझोफ्रेनिया, आईवडील थकलेले नाहीतर गेलेले, भाऊ नाहीतर बहीण महिन्याचे पैसे भरते आणि दिवाळीला फराळ घेऊन येते. आण्णा त्यातलेच. पन्नाशी ओलांडलेली, पूर्वी तालमीतला गडी, आता क्लोझापिनवर.

बाकीच्या गोळ्यांनी गुण आला नाही की शेवटी क्लोझापिन देतात. आण्णांच्या कानातले आवाज कमी झाले ते हिच्यामुळेच, त्यामुळे गोळी वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिच्यावर नजर ठेवावी लागते. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, पांढऱ्या पेशी घसरल्या की गोळी बंद, हे सगळ्या स्टाफला पाठ असतं. पोटाचं मात्र कोणी विचारत नाही. ही गोळी आतड्यांची हालचाल मंद करते, आणि 'काय, नुसतं पोट साफ होत नाहीये' म्हणून सोडून दिलं तर आतडं अडकून माणूस जाऊ शकतो. आणि पाळी बदलताना आमचा हँडओव्हर कसा, तर जेवले, झोपले, गोळ्या घेतल्या (जीभ वर करून, गाल बघून), भांडण नाही. संडासला झाली का हे कुठल्याच रकान्यात नाही.

त्यात मॅनेजमेंटने केंद्र निर्व्यसनी करायचं ठरवलं. गेटवर बोर्ड लागला, बिड्या-सिगरेटी जमा केल्या. आण्णा दिवसाला एक बंडल ओढायचे, त्यांची एका दिवसात बंद. सुरुवातीला त्यांनी आरडाओरडा केला, मग हळूहळू गप्प झाले. दुपारीही झोपायला लागले, कोणाशी वाद नाही, टीव्हीच्या रिमोटवरून भांडण नाही. मीटिंगमध्ये त्यांचं उदाहरण दिलं गेलं, बघा बिडी सुटली आणि माणूस सुधारला.

खरं काय होत होतं ते सांगते, कारण हे घरच्यांनाही माहीत असायला हवं. धुरातल्या काही घटकांमुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि क्लोझापिन लवकर संपवतं. म्हणजे बिडी ओढणाऱ्याचा डोस बसवलेला असतो तो या हिशोबाने. बिडी थांबली आणि डोस तोच ठेवला की आठ-पंधरा दिवसांत रक्तातलं औषध चढत जातं. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, त्यामुळे कोणी मळून तंबाखू खातो त्याला हा प्रश्न येत नाही. बिडी सोडणं चांगलंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण आधी सायकियाट्रिस्टना एक फोन करायचा, डोस किती कमी करायचा ते विचारायचं. तो फोन कोणी केला नाही. उलट आण्णांची लाळ गळायला लागली, उशी ओली व्हायला लागली, तर त्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल वाढवून घेतली. तीसुद्धा आतडी मंद करणारी गोळी.

मी लेडीज सेक्शनला असते. त्या दिवशी जेंट्सचे ब्रदर सुट्टीवर म्हणून मला तिकडे पाठवलं. पोहे तसेच ठेवून आण्णा बाकावर बसल्या बसल्या पेंगत होते आणि एक हात पोटावर. हात लावून बघितलं तर पोट ढोलासारखं ताणलेलं. म्हटलं, आण्णा, संडासला कधी गेला होतात? तर डोळे न उघडता म्हणाले, "ताई, त्यांनी आत सिमेंट ओतलंय. मी सांगतोय सगळ्यांना."

केसपेपर काढला. चार दिवसांपूर्वीची नोंद, अक्षर स्वच्छ: 'पोटात सिमेंट भरल्याचा भ्रम. पेशंट शांत. औषध चालू.' दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माणूस दुखतंय तिथे हात ठेवून सांगत होता, आपल्या भाषेत सांगत होता, आणि आम्ही ते लक्षणांच्या यादीत घातलं. 'त्यांनी ओतलं' हा भ्रम असेल, पण पोटात काहीतरी घट्ट भरलंय हे अक्षरशः खरं होतं.

तेवढ्यात आण्णांना उलटी झाली. गाडी काढली आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला नेलं. तिथे कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य काय, तर "सायकियाट्रीचा पेशंट आहे ना, मग त्यांच्याच डॉक्टरांना दाखवा". मला इतका संताप आला! मी पोटाच्या एक्स-रेसाठी अडून बसले. एक्स-रे आला, आतडी फुगलेली, खाली सगळं गच्च, मग मात्र पळापळ झाली, नाकातून नळी, सलाईन, एनिमा. ऑपरेशन टळलं. सर्जन म्हणाले, अजून एक रात्र गेली असती तर सांगता आलं नसतं.

बाहेर थांबलेले आमचे रात्रपाळीचे मामा, म्हणजे वॉर्डबॉय, तेव्हा हळूच म्हणाले, "ताई, मी सांगितलं होतं हो. ते संडासात जाऊन बसतात आणि तसेच परत येतात." त्यांना उत्तर मिळालं होतं, लक्ष ठेवा. रात्री चाळीस माणसांमागे हे एकटे, चादरी बदलणारेही तेच, आणि आण्णांबद्दल सगळ्यात अचूक माहिती त्यांच्याकडेच होती. पण मामांना केसपेपरवर लिहायची परवानगी नाही.

डिस्चार्जच्या कागदावर जुनाच डोस चालू करा असं लिहिलेलं, ४०० मिलिग्रॅम. क्लोझापिन ४८ तासांच्या वर बंद राहिली तर पुन्हा १२.५ पासून हळूहळू चढवायची असते, नाहीतर बीपी धाडकन पडू शकतं. आमच्या सायकियाट्रिस्टना लगेच फोन केला, त्यांनी नवीन चार्ट दिला, आणि शेवटी आण्णांचा डोस पूर्वीपेक्षा कमीच ठरला, आवाज न वाढता.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, स्वतःचे कपडे घालण्याचा आहे, खासगीपणाचा आहे, आणि शारीरिक आजाराच्या पेशंटला जसे उपचार मिळतात त्याच तोडीचे उपचार मिळायला हवेत असंही आहे. तपासणीला लोक येतात तेव्हा बघतात काय, तर कॅमेरे, फायर एक्स्टिंग्विशर, किचन आणि रजिस्टरं. वॉर्ड शांत असला की खूश होऊन जातात. मला आता शांत वॉर्ड दिसला की आधी प्रत्येकाच्या पोटाला हात लावून बघावासा वाटतो.

अक्का, म्हणजे आण्णांची बहीण, भेटायला आली तेव्हा तिने विचारलं, सिस्टर, परत बिडी देऊ का त्याला? तिला समजावलं की आता नाही, आता डोस बिनबिडीचा बसलाय, चोरून दिलीस तर औषध कमी पडेल आणि आवाज परत येतील. ती म्हणाली, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं? तिचं बरोबर आहे.

मी शौचाचं रजिस्टर मागितलं. मॅनेजर म्हणाले, असलं रजिस्टर नातेवाइकांच्या हाती लागलं तर काय दिसेल. म्हटलं, बघू दे की. डॉक्टरांनी लेखी सांगितल्यावर चालू झालं, रोज एक खूण, भरायची मामांनी, दोन दिवस कोरे गेले की डॉक्टरांना फोन. जेंट्समध्ये चालू आहे, लेडीजमध्ये सोमवारपासून. रात्रीसाठी अजून एका मामांचा अर्ज दिलाय, त्यावर अजून काही उत्तर नाही.