ताटातल्या वस्तू आणि ब्रूस आजोबा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिथे तो नेहमीचा खेळ झाला, ताटात वीस वस्तू मांडायच्या, मिनिटभर बघायच्या, वर रुमाल टाकायचा आणि मग आठवून लिहायच्या. मी अकरावर अडकले. सेफ्टी पिन विसरले, चक्क सांडशी विसरले! आणि घरी येताना डोक्यात काय, तर ब्रूस फोर्साइथ, ब्रिटिश टीव्हीवरचा तो म्हातारा निवेदक.

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहायचे तेव्हा आमच्या घरमालकीणबाई शनिवारी संध्याकाळी मला खाली बोलवायच्या, चहा, बिस्किटं आणि बीबीसीवर 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'. आपलं 'झलक दिखला जा' यावरूनच आलेलं. २०१२ साल असेल, म्हणजे ब्रूस ८४ वर्षांचा, आणि सहनिवेदिका टेस डॅलीबरोबर असा ठुमकत यायचा की बस. मग म्हणायचा, 'नाइस टू सी यू, टू सी यू...' आणि थांबायचा. पुढचं 'नाइस' पब्लिकने ओरडायचं. बाई पण ओरडायच्या, कप हातात धरून, एकट्याच. पहिल्यांदा मी दचकलेच होते.

मला खरं तर तो बोअर व्हायचा आधी. जोक पडायचे, मग तो प्रेक्षकांनाच झापायचा. पण बाईंनी एकदा त्याच्या जुन्या 'जनरेशन गेम' या शोबद्दल सांगितलं आणि मग मी यूट्यूबवर बसून बसून बघितलं. १९७१ ला सुरू झाला तो. आई-मुलगा, काका-पुतणी अशा जोड्या यायच्या, एखादा कुंभार दोन मिनिटांत झकास भांडं करून दाखवायचा आणि मग यांनी करायचं, की चिखल सगळा कोपरापर्यंत. ब्रूस मध्ये लुडबुडायचा, चिडवायचा, कॅमेऱ्याकडे बघून 'काय ही माणसं' असा चेहरा करायचा, पण एकही माणूस दुखावल्यासारखा दिसत नाही, उलट खूश! हे कसं जमवायचा देव जाणे, आपल्याकडे रिअ‍ॅलिटी शोमध्ये असं कुणी केलं तर रडारड. शेवटी जिंकणाऱ्यासमोरून सरकत्या पट्ट्यावर वस्तू जायच्या, टोस्टर, सुटकेस, एक सॉफ्ट टॉय तर ठरलेलं, आणि जेवढ्या आठवतील तेवढ्या घरी न्यायच्या. म्हणजे आमचं ताटच की, फक्त बक्षिसासकट.

पण मला त्याचं आधीचं जास्त भारी वाटतं. ११ वर्षांचा असताना १९३९ मध्ये टीव्हीवर पहिल्यांदा दिसला, १४ व्या वर्षी 'बॉय ब्रूस, द मायटी अ‍ॅटम' अशा नावाने स्टेजवर, आणि मग? मग सोळा वर्षं छोट्या छोट्या थिएटरांत नाचायचं, गायचं, पियानो वाजवायचा, आणि नाव काही होत नाही. १९५८ ला लंडन पॅलेडियम या मोठ्या थिएटरातला रविवारचा टीव्ही शो मिळाला तेव्हा तिशी आलेली. तिथे १९६१ मध्ये कलाकारांचा संप झाला तर त्याने आणि विनोदी नट नॉर्मन विझडमने दोघांनीच अख्खा तास काढला, भिंतीला वॉलपेपर चिकटवायचा तो गोंधळ तर बघाच. बीटल्स आले १९६३ ला तेव्हा निवेदक हाच.

आणि सगळं चढतंच गेलं असंही नाही. १९७८ ला बीबीसीच्या स्पर्धक चॅनेलने, आयटीव्हीने, 'ब्रूस फोर्साइथ्स बिग नाइट' म्हणून मोठ्ठा शो दिला, तो आपटला, आणि समोर बीबीसीवर त्याचाच जुना 'जनरेशन गेम' लॅरी ग्रेसन हा नवा निवेदक घेऊन जोरात! किती लागलं असेल. पुढे पत्त्यांचा एक शो चालला मस्त, मग परत उतार, आणि ७५ व्या वर्षी २००३ मध्ये 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' या बातम्यांची टर उडवणाऱ्या शोमध्ये असा काही धुमाकूळ घातला की पुढच्या वर्षी 'स्ट्रिक्टली' हातात. 'सर' झाला २०११ मध्ये, ८३ व्या वर्षी. मी इथे चाळिशीत 'आता काय नवीन शिकायचं' करत बसते, जाऊ दे.

२०१७ ला गेला. राख पॅलेडियमच्या स्टेजखाली ठेवलीये, बाईंनी मेसेज करून कळवलं होतं मला, आणि मेसेजच्या खाली फक्त 'नाइस' लिहिलेलं.

आत्ता आठवलं, ताटात जायफळ होतं. बारा.